सतरंजीवरची पाहुणी

मे महिना लागला की सोलापुरात सकाळ लवकर संपते. आठ वाजताच ऊन टोचू लागते, अकराच्या आत रस्ते ओस पडतात, आणि मधल्या त्या फटीत आमच्या चर्चमध्ये मुलांची सुट्टीतली बायबल शाळा भरते. एप्रिलच्या शेवटी फाटकावर कापडी फलक चढतो. फलक जुनाच असतो. वर्षाचा आकडा तेवढा नवा कागद चिकटवून बदलतात. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, ‘सर्व मुलांचे स्वागत’. यंदाही तो चढला. तरुण संघाच्या मुलांनी तो आधी उलटा बांधला, मग एकमेकांना नावे ठेवत सुलटा केला.

फलक दिसला की गेल्या वर्षीचा मे आठवतो. तो विसरावा अशी मंडळीतल्या बहुतेकांची इच्छा आहे. मंडळी म्हणजे चर्चची सभासद माणसे. चांगली माणसे आहेत. शिक्षक, परिचारिका, रेल्वेतले निवृत्त, बँकेतले, एकदोन डॉक्टर. आजाऱ्याला डबा पोचवणारी, मयताला सगळ्यांच्या आधी हजर होणारी. हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढे जे लिहायचे आहे ते वाईट माणसांकडून घडलेले नाही.

या शाळेची आठवण प्रथम नाकाला येते. खिडक्यांना बांधलेल्या ओल्या पोत्यांचा वास, संत्र्याच्या सरबताचा गोड, थोडासा औषधी वास, तेल लावून चप्प बसवलेल्या केसांचा, खडूचा, उन्हात तापलेल्या रबरी चपलांचा. मग कानाला. पेटीचा भाता ओढल्याचा सुस्कारा, ढोलकीवर चुकून आधीच पडलेली थाप, कृतीगीत म्हणताना एकदम उड्या मारणाऱ्या मुलांनी हादरणारी फरशी. बाहुल्यांच्या खेळाला पडदा म्हणून सोलापुरी चादर लावतात. गोष्टीत मेंढपाळ आले की मुलांच्या डोक्याला टॉवेल गुंडाळतात. चादर इथलीच, टॉवेलही इथलेच. आणि ते विणणाऱ्यांची मुलेही, शहराच्या पूर्व भागातून, रिक्षात कोंबून आणलेली, इथेच समोर बसलेली असतात.

सुगुणा त्यांच्यात प्रथम आली तेव्हा पहिलीत जाणार होती. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळणारी, घरात भाषा तेलुगू. कुटुंब ख्रिस्तीच होते, पिढ्यांपासून. त्यांच्या भागातल्या एका शेडमध्ये तेलुगूतून उपासना होई. शेड विकली गेली, उपासना बंद पडली, आणि ही माणसे कुठलीच राहिली नाहीत. मेंढपाळ व्हायला कोण तयार आहे असे विचारल्यावर तिने हात वर केला. डोक्याला टॉवेल बांधला जात असताना तो हाताने चाचपून तिने जाहीर केले की हा टॉवेल तिच्या वडिलांच्या मालकाच्या कारखान्यातला आहे, आणि याची किनार उसवते. खरोखर उसवलेली होती. सगळे हसले, तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांना ठाऊक झाली.

ठाऊक असणे आणि आपली असणे यात अंतर असते, हे त्या वेळी कोणाच्या मनात आले नाही.

आमच्या चर्चमध्ये एक पद्धत आहे. ती चांगली पद्धत आहे, असे आम्ही मानत आलो. रविवारच्या उपासनेत सूचना वाचून झाल्या की सेक्रेटरी माइकजवळून विचारतात, आज आपल्यामध्ये कोणी पाहुणे आहेत का; असतील तर त्यांनी कृपया उभे राहावे. पाहुणे उभे राहतात. पेटी सुरू होते. सगळी मंडळी त्यांच्याकडे वळून टाळ्या वाजवत स्वागतगीत म्हणते, छोटेसेच, दोन कडव्यांचे. मग तरुण संघातली एखादी मुलगी त्यांना गुलाबाचे फूल देते. परगावाहून लग्नासाठी आलेले, बदली होऊन आलेले, कोणाचे जावई, कोणाच्या नर्सिंगच्या मैत्रिणी. कित्येकांचे डोळे भरून येतात. परक्या गावात शंभर माणसे आपल्याकडे बघून गातात, ही लहान गोष्ट नाही.

मुलांच्या शाळेची सांगता रविवारी होते. त्या दिवशी सभासदांची मुले आपापल्या घरच्यांजवळ बाकावर बसतात. बाक कोणाच्या नावाचे नाहीत, पण कोणता बाक कोणाचा हे सगळ्यांना माहीत असते. नवीन लग्न होऊन आलेल्या सुनेलाही पहिल्या रविवारी सांगावे लागत नाही. बाहेरून आलेल्या मुलांना अर्थातच बाक नसतो. त्यांच्यासाठी वेदीसमोर सतरंजी अंथरतात. पुढची जागा, पंख्याखालची. त्यामागे भावना चांगलीच होती. पाहुण्यांनी उभे राहावे असे सांगितले की सगळी सतरंजी उभी राहते, आणि मंडळी गाते.

सुगुणा पहिल्या वर्षी उभी राहिली तेव्हा तिला वाटले असावे की हे गाणे तिच्यासाठीच बांधले आहे. ती हसत होती, दोन्ही हातांनी फूल धरून. दुसऱ्या वर्षीही तसेच. पुढे कधीतरी ते हसू थांबले. नेमके कोणत्या वर्षी, हे सांगता येत नाही, कारण तिकडे पाहत कोणी नव्हते. पाहत होते ते पाहुण्यांकडे. आता मागे वळून पाहिले की इतकेच दिसते: उंच होत गेलेली एक मुलगी, दर वर्षी आणखी लहान वाटणाऱ्या मुलांच्या घोळक्यात, हनुवटी गळ्याला टेकवून उभी आहे, हातात गुलाब आहे, आणि आम्ही टाळ्या वाजवत आहोत.

वर्षभरातल्या इतर रविवारीही ती यायची. वडिलांना रविवारची सुट्टी नसे. आई, मरियम्मा, कधी यायची ती पायरीशी चपलांजवळ बसायची. आत या म्हटले की म्हणायची, हितंच बरं हाय, वारा लागतो. तिला मराठी गाणी वाचता येत नव्हती, हे कारण आम्ही आमच्यासाठी शोधून ठेवले होते. बाहेर पडताना कोणीतरी प्रेमाने विचारायचेच, पाहुण्या कुठल्या?

कुटुंबाला रीतसर सभासद करून घ्यायचे ठरत असे. त्यासाठी सगळे कुटुंब पंच कमिटीसमोर यावे लागते, मग एका रविवारी मंडळीपुढे त्यांचा स्वीकार होतो. पंच कमिटी म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारी निवडून दिलेली माणसे. वडिलांची पाळी आड यायची, कधी कमिटीचीच बैठक रद्द व्हायची. पुढच्या वर्षी बघू, असे म्हटले जायचे, आणि म्हणणाऱ्याला ते खरेच वाटायचे.

वर्तमानपत्रात असताना या शाळेची बातमी दर वर्षी या लेखकाच्याच हातून गेली. दोन परिच्छेदांची. परिसरातील सर्व स्तरांतील मुलामुलींनी उत्साहाने भाग घेतला, मंडळीच्या वतीने त्यांचे प्रेमपूर्वक स्वागत करण्यात आले. त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. ज्यांचे स्वागत झाले त्यांना ते कसे वाटले, हे विचारता आले असते. पण दोन परिच्छेदांसाठी कोणी सतरंजीवर जाऊन बसत नाही.

गेल्या वर्षी शिशुवर्ग सुगुणाकडे होता. शिशुवर्ग म्हणजे बालवाडीच्या वयाची मुले, आईचा पदर सुटला की रडणारी, सरबत सांडणारी, गोष्टीच्या मध्येच शू आली म्हणणारी. शब्बाथ शाळेच्या, म्हणजे दर रविवारी भरणाऱ्या मुलांच्या वर्गांच्या, प्रमुख रूथ मावशींचे गुडघे गेले, त्यांना खाली बसवेना, आणि तो वर्ग घ्यायला दुसरे कोणी पुढे आले नाही. सुगुणा तोवर कॉलेजात पोचली होती. मुले तिला सुगुणाक्का म्हणायची. तिची पद्धत अगदी साधी होती. ती मुलांना गप्प बसा म्हणायची नाही. स्वतःच इतक्या हळू बोलायला लागायची की ऐकायला मुले सरकत सरकत तिच्या मांडीपर्यंत यायची. शेजारच्या वर्गात मोठी मुले भिंत कोसळेल अशी गात असत, आणि शिशुवर्गातून खुसुरफुसुर ऐकू येई. रूथ मावशी दारातून पाहत आणि म्हणत, ही काही मंत्र घालते की काय पोरांना.

त्यांनीच पंच कमिटीकडे विषय नेला. शब्बाथ शाळेचा शिशुवर्ग वर्षभरासाठी सुगुणाला द्यावा. वर्ग घेणारा सभासद असावा लागतो, म्हणून त्या निमित्ताने कुटुंबाचेही करून टाकावे. कमिटीने मान डोलावली. शाळेची सांगता झाल्यावर बैठकीत ठराव घेऊ, असे ठरले. हे सुगुणाला कळले होते. तिने घरी सांगितले होते, आणि मरियम्माने गल्लीत. वडिलांनी स्वीकाराच्या रविवारसाठी पाळी बदलून घेण्याचे मालकाशी बोलून ठेवले होते, हे नंतर समजले.

सांगतेचा रविवार आला. शिशुवर्गाचे कृतीगीत असल्याने त्या वर्गाची सगळीच मुले, घरची आणि बाहेरची, सुगुणाभोवती सतरंजीवर बसली होती. तिच्या मांडीवर शालोम होती, एका डॉक्टर सभासदाची नात, पंखासारखी कागदी बाही एका बाजूने फाटलेली. सूचना संपल्या. सेक्रेटरी शांतवन सर माइकजवळ आले. शांतवन सर हायस्कूलमधून निवृत्त झालेले, शुक्रवार पेठेत राहणारे, आवाज मऊ. कोणाला दुखवायचे त्यांना जमत नाही. त्यांनी नेहमीचे वाक्य म्हटले, सतरंजीकडे पाहून हसले आणि तळहात उताणा करून हात वर उचलला, मुलांना कळावे म्हणून.

शिशुवर्गातली दोनतीन बाहेरची मुले उठू लागली. उठता उठता त्यांनी सवयीने अक्काकडे पाहिले. ती उठली नव्हती. एकाच्या सदऱ्याचे टोक धरून तिने त्याला हळूच खाली ओढले, आणि काहीतरी म्हणाली. तिच्या त्या आवाजात. आम्हाला ऐकू आले नाही. मुले बसली. मग मागची, मोठ्या वर्गांतली बाहेरची मुलेही, पुढचे बसले म्हणून बसली. सगळी सतरंजी खाली बसलेली राहिली.

पेटी सुरू झाली होती. हे इथे नीट सांगितले पाहिजे, कारण पुढचे त्यावर अवलंबून आहे. पेटी दर रविवारी शांतवन सरांचा हात वर जाताच सुरू होते, आणि पेटी सुरू झाली की मंडळी गाते. आम्ही गायला लागलो. पहिले कडवे म्हणताना वाटले, कोणीतरी उठेल. टाळ्या ठेक्यात पडत होत्या. दुसरे कडवेही म्हटले. शांतवन सरांचा हात तसाच वर राहिला होता, खाली घ्यावा की नाही हे त्यांना सुचत नव्हते. फूल घेऊन आलेली मुलगी वाटेत उभी होती. शंभरावर माणसे उभी राहून, जमिनीवर बसलेल्या मुलांकडे पाहत, कोणीच नसलेल्या पाहुण्यांचे स्वागत करत होती, आणि एकालाही थांबता आले नाही. सुगुणा खाली मान घालून शालोमची फाटलेली बाही टाचणीने लावत होती.

नंतर शिशुवर्गाने कृतीगीत म्हटले. चांगले म्हटले. टाळ्या कमी पडल्या.

उपासनेनंतर कडुनिंबाखाली चहा असतो. चहाच्या भोवती बोलणे सुरू झाले होते. एक म्हणाले, तिला कळले नसेल. दुसऱ्या म्हणाल्या, कळले नसायला ती काय शिशुवर्गात आहे? ती तर शिकवते. तिसऱ्यांचे मत पडले की हातात वर्ग दिला की असेच होते. एकाने गमतीने विचारले, आता आपण पाहुणे का, आणि काही जण हसले. शांतवन सर कप धुऊन ठेवत होते. ते काम त्यांचे नव्हते.

रूथ मावशींनी तिला बाजूला घेतले. सरबताच्या पिंपामागे त्या दोघी उभ्या होत्या आणि हा लेखक पिंपाच्या अलीकडे, म्हणून तेवढे ऐकायला मिळाले. मावशींनी विचारले, असे का केलेस, सगळ्यांसमोर.

“मावशी, मी अजून किती वर्षं पाहुणी?”

“अगं, मान असतो तो. मान देतात.”

“मान हाय की. पण घरच्यांना कुणी असं उभं करून टाळ्या वाजवतं का? घरच्यांना काम सांगतात.” मग ती म्हणाली, “तुमी मला काम सांगितलं, तवा मला लई बरं वाटलं होतं.”

रूथ मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी त्या घरी गेल्या आणि संध्याकाळच्या सभेला आल्या नाहीत.

पंच कमिटीची बैठक झाली. कोणीही नाही म्हटले नाही. ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. शिस्तीचा प्रश्न आहे, असे म्हटले गेले. लगेच वर्ग दिला तर चुकीचा संदेश जाईल, असे म्हटले गेले. मुलगी गुणी आहे, हे सगळ्यांनी म्हटले. तिने दोन शब्द बोलून दिलगिरी व्यक्त केली तर विषय मिटेल, अशी एक सूचना आली आणि सगळ्यांना ती सौम्य वाटली. ठराव पुढे ढकलला गेला. पुढे कुठे, हे ठरले नाही. या बैठकीला हा लेखकही हजर होता, आणि त्याच्याही तोंडून ‘थोडे थांबू’ असे दोन शब्द गेले आहेत.

ती यायची थांबली. कोणी तिला येऊ नको म्हटले नव्हते. रविवार उलटत गेले. शिशुवर्ग कधी या ताईकडे, कधी त्या ताईकडे, कधी मोठ्यांच्या वर्गात ढकललेला. पावसाळ्यात शालोमने बाकावर उभे राहून मोठ्याने विचारले होते, अक्का कुठं गेली. तिच्या आजीने तिला खाली बसवले आणि हातात बिस्कीट दिले. नाताळच्या नाटकात मेंढपाळ झाले, डोक्याला टॉवेल बांधले गेले. किनारी तपासायला कोणी नव्हते.

लाज ही एकदम येत नाही, असे वाटते. ती आधी चिडीच्या रूपात येते. कित्येक महिने मंडळीत सुगुणाचे नाव निघाले की माणसे चिडत. आपण त्यांच्यासाठी काय केले नाही, रिक्षा पाठवली, वह्या दिल्या, खाऊ दिला. सगळे खरे होते. केलेल्या गोष्टी इतक्या होत्या की त्या सांगताना आवाज चढत असे, आणि सांगून संपल्यावर बोलायला काही उरत नसे.

यंदा एप्रिलमध्ये वर्ग वाटून घेताना शिशुवर्ग कोणी घेईना. मे महिन्याचे ऊन, ती एवढीशी मुले. शेवटी रूथ मावशींनी सरळ सांगितले की तिला विचारल्याशिवाय हा वर्ग भरणार नाही. म्हणून आम्ही तिघे गेलो: मावशी, शांतवन सर आणि हा लेखक. आम्ही क्षमा मागायला गेलो असे मंडळीत नंतर सांगितले गेले. ते खरे नाही. आम्हाला शिक्षिका मिळत नव्हती म्हणून गेलो.

पूर्व भागातल्या त्या गल्ल्यांत मागांचा आवाज इतका सतत असतो की थोड्या वेळाने तो ऐकू येईनासा होतो, फक्त बोलताना माणसे ओरडतात. मरियम्मा दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. आम्हाला पाहून तिने सूप बाजूला सरकवले, पदराने तंबाखूची पूड झटकली, आत जाऊन एक प्लास्टिकची खुर्ची आणली, पुसली, दुसरी शेजाऱ्यांकडून आणली, तीही पुसली. पाणी दिले. माठातले, गार. बसा की, लई ऊन हाय, असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. ती खूश झाली होती. चर्चची माणसे तिच्या दारात प्रथमच आली होती. इतक्या वर्षांत रिक्षा तेवढी येऊन जायची.

सुगुणा आतून आली, नमस्कार करून भिंतीशी उभी राहिली. आम्ही विषय काढायच्या आत मरियम्मानेच काढला. हात जोडून ती शांतवन सरांना म्हणाली, “चूक झाली तिची, सर. मोठ्या मान्सांसमोर असं करतेत व्हय? मला तर कुनी सांगितलंच न्हाय, लई दिसांनी कळलं. मी बोलले तिला. लेकरू हाय, माफ करा.”

ते क्षण नीट आठवतात. माग चालू होते. सुगुणा आईकडे पाहत होती. तिघांपैकी कोणीही एकाने म्हणायला हवे होते की चूक तिची नव्हती. वाक्य साधे होते, सगळ्यांना येत होते. रूथ मावशींचे ओठ हललेही. पण शांतवन सर, त्यांच्या त्या मऊ आवाजात, म्हणाले, “असू द्या, असू द्या. आम्ही मनात ठेवलं नाही.”

आणि आम्ही दोघांनी मान डोलावली.

म्हणजे आम्ही माफ केले. तिच्या घरी, तिच्या खुर्चीवर बसून, तिचे पाणी पिऊन आम्ही तिला माफ करून टाकले. शांतवन सरांना ते परतीच्या रिक्षात कळले असावे. ते रस्ताभर चष्मा पुसत होते.

पण त्याआधी सुगुणाने आमचे काम काय ते विचारले. मावशींनी सांगितले. शिशुवर्ग, दहा दिवस. आणि या वेळी कमिटी वर्षभराचेही नक्की करील, मी बघते. सुगुणाने वर्षभराबद्दल काही विचारले नाही. या वर्षी कोणकोण मुले आहेत, एवढे विचारले. शालोमचे पडलेले दात आता आले का, तो चिंचेच्या बोळातला मुलगा अजून माती खातो का. मावशींनी उत्तरे दिली. मग ती म्हणाली,

“येते मी. दहा दिवस येते. सांगतेच्या रविवारी येणार न्हाई.”

मरियम्मा तेलुगूतून तिच्यावर काहीतरी ओरडली. तिने आईला तेलुगूतच उत्तर दिले, शांतपणे. आम्हाला ते समजले नाही आणि कोणी समजावून सांगितले नाही.

इथे आम्हाला आणखी एक संधी होती. म्हणता आले असते, तू ये, ते गाणे आम्ही बंद करतो. किंवा, तू ये, आईवडिलांना घेऊन ये, बाकावर बस. अशी वाक्ये सुचायला बुद्धी लागत नाही. शांतवन सर म्हणाले, बरं बरं, तुला जसं सोयीचं. मावशी म्हणाल्या, निदान दहा दिवस तरी. आणि आम्हाला हायसे वाटले. वर्ग भरला. रविवारी काही घडणार नाही. मंडळी नेहमीप्रमाणे गाईल, सतरंजी नेहमीप्रमाणे उठेल. लाज वाटते ती गेल्या वर्षीच्या त्या गाण्याची तेवढी नाही; ते तरी नकळत झाले. या हायसे वाटण्याची वाटते. ते आम्हाला पूर्ण कळून वाटले.

दहा दिवस ती आली. रिक्षातून मुलांना उतरवून घ्यायची, शेवटचे मूल परत बसवून मग जायची. सरबत उरले तर घ्यायची, नाहीतर नाही. कमिटीतले लोक आवर्जून तिच्याशी बोलत होते, थोडे जास्तच. ती सगळ्यांशी नीट बोलत होती. एका सकाळी शांतवन सर शिशुवर्गाच्या दारात येऊन उभे राहिले, काही सांगायचे असल्यासारखे. आत ती गोष्ट सांगत होती, हरवलेल्या मेंढराची. ते ऐकत राहिले आणि परत गेले. कमिटीची बैठक बोलवावी असे त्यांनी संध्याकाळी या लेखकाला फोन करून सांगितले. विषय काय, असे विचारल्यावर ते म्हणाले की स्वागतगीताचा, आणि लगेच म्हणाले, पण सांगतेच्या आधी नको, उगाच घाई दिसेल. त्यांच्या म्हणण्याला होकार दिला गेला. यंदाही.

आज शनिवार होता. उद्या सांगता. शिशुवर्गाची शेवटची तालीम चालली होती. खिडकीवरचे पोते सुकले होते, ते ओले करायला हा लेखक पाण्याची बादली घेऊन बाहेर उभा असताना आतले बोलणे कानावर पडले. कृतीगीत म्हणून झाले होते. शालोमने विचारले, “अक्का, उद्या तू कुठं बसणार? आमच्या पुढं का मागं?”

मग तो आवाज आला, ज्यासाठी मुले सरकत पुढे येतात.

“मी उद्या घरी हाय. तुमी नीट म्हणा. तितं ऐकू येतं मला.”

“घरापर्यंत?”

“व्हय की. मोठ्यानं म्हटलं तर येतं.”

तिच्या घरापर्यंत इथला आवाज जात नाही. मध्ये बाजार आहे, रस्ते आहेत, आणि रात्रंदिवस चालणारे माग आहेत. हे तिला माहीत आहे, बाहेर उभ्या असलेल्यालाही माहीत होते. मुलांना माहीत नव्हते. त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, आणि या वेळी इतक्या मोठ्याने म्हटले की आवारातल्या सगळ्यांनी हातातले काम थांबवून तिकडे पाहिले.